तुझ्या धाकटीच्या शाळेविषयी

आर्वी तालुका, जि. वर्धा

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. धाकटी साडेतीन वर्षांची झाली तरी आधाराशिवाय बसत नाही, दोनच शब्द बोलते, आणि तिच्यासाठी कोणती विशेष शाळा बघावी, असे तू विचारले आहेस. माझ्या मुलालाही तिच्यासारखीच सेरेब्रल पाल्सी (मेंदूला इजा झाल्याने शरीराच्या हालचालींवर ताबा न राहणे) आहे आणि तो आता नऊ वर्षांचा आहे. पण मला जे कळले ते उशिरा आणि चुकत चुकत कळले, हे आधीच सांगतो.

पहिली शाळा आम्ही इमारत पाहून निवडली. रंगवलेल्या भिंती होत्या, व्यायामाची यंत्रे होती, फाटकावर मोठी पाटी होती. एकदा मी वेळेआधीच पोहोचलो, तेव्हा आठ मुले भिंतीला टेकवून ओळीने बसवलेली होती आणि समोर टीव्ही चालू होता. माझ्या मुलाची मान एका बाजूला कलंडली होती आणि ती सरळ करायला कोणी उठत नव्हते. म्हणून माझे म्हणणे एवढेच की शाळा पाहायला जाशील ते जेवणाच्या वेळी जा.

अशा मुलाचे डोके मागे टाकून घास भरवला तर अन्न श्वासनलिकेत जाण्याची भीती असते. ज्या बाईंना हे काम कळते त्या मुलाचे पाय टेकतील असे बसवतात, मान किंचित पुढे ठेवतात, लहान घास देतात आणि तो गिळला जाईपर्यंत थांबतात. आमच्या दुसऱ्या शाळेतल्या बाई तर दोन वाट्या समोर धरत, एकीत वरण, दुसरीत दही, आणि मुलाची नजर जिकडे वळेल ती वाटी देत. न बोलणाऱ्या मुलाचे ते पहिले ‘मला हे पाहिजे’ होते. वाचा-उपचाराचा अर्धा तास वेगळा असतोच, पण बोलण्याची गरज जेवताना, शू लागल्यावर, चेंडू लांब गेल्यावर निर्माण होते, आणि त्या वेळी शेजारी कोण आहे यावर बरेच अवलंबून असते.

त्याच बाईंनी पहिल्या भेटीत मुलाच्या कागदांआधी घराची चौकशी केली. दिवाळीनंतर आम्ही दोघेही कापूस वेचायला जातो आणि मुलगा माझ्या आईजवळ असतो हे कळल्यावर त्यांनी आईलाच शाळेत बोलावले, तिच्याकडून भरवून घेतले, आणि कोपऱ्याच्या खुर्चीचे, म्हणजे पाठीला दोन्ही बाजूंनी आधार देणाऱ्या खुर्चीचे, माप काढून दिले. गावच्या सुताराने ती खुर्ची सागाच्या उरलेल्या फळ्यांची केली. पुढे आई साऱ्या मोहल्ल्यात सांगत होती, “पोट्टं आता सोताच्या हातानं खाते.” (घासातला अर्धा अजूनही सदऱ्यावर सांडतो, ते ती सांगत नाही.)

विशेष शिक्षकांची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे आहे का, फिजिओथेरपिस्ट आठवड्यातून किती दिवस येतात, हे विचारायला संकोच करू नकोस. ‘सहा महिन्यांत चालवून दाखवतो’ असे कोणी म्हणाले तर मात्र तिथून उठून ये.

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने 40 टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असलेल्या मुलाला 6 ते 18 वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क दिला आहे. पण तुझ्या धाकटीची आत्ताची वर्षे, जी सर्वांत मोलाची, ती त्याच्या अलीकडे पडतात. तोवर जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात, म्हणजे लहान वयातच तपासणी आणि उपचार सुरू करणाऱ्या सरकारी केंद्रात, तिला दाखव. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा तपासणीला येते, त्यांच्याकडून या केंद्रासाठी चिठ्ठी मिळते. अंगणवाडीतले नाव मुळीच कमी करू नकोस. दिव्यांग मुलांना अंगणवाडीत कसे सामावून घ्यावे याची केंद्र सरकारची कार्यपद्धती 2023 साली आली आहे, आणि चांगली विशेष शाळा तुमच्या सेविकेशी स्वतःहून बोलते, कारण मुलीला पुढे गावातल्याच पोरांत राहायचे आहे.

अंतराचेही बघ. आपल्याकडच्या एप्रिलच्या उन्हात रोज दोन तास एसटीत बसवून नेलेले लेकरू शाळेत पोहोचते ते झोपण्यापुरतेच. मोठ्या शहरातल्या नावाजलेल्या शाळेपेक्षा आठवड्यातून दोनदा जाता येईल आणि उरलेले दिवस घरी काय करायचे ते शिकवील अशी जवळची शाळा मी निवडीन.

वेचणी आटोपली की मी तिकडे येतो. येताना खुर्चीच्या मापाचा कागद आणीन. तोवर तू धाकटीची गुडघ्यापासून टाचेपर्यंतची आणि पाठीपासून गुडघ्यापर्यंतची लांबी मोजून ठेव. वहिनींना नमस्कार, लेकरांना आशीर्वाद.

तुझाच,
जुना सोबती