विम्याची मुदत गेली, टॉवरवर गुळवेल चढली: दूरसंचार मंत्र्यांना खुलं पत्र

माननीय मंत्रिमहोदय,

सप्रेम नमस्कार.

मी राजापूर तालुक्यातली साधी बागायतदार. हापूसची बासष्ट कलमं, थोडी काजू, वय ५८. आपला वेळ मोलाचा, म्हणून थोडक्यात लिहायचं ठरवून बसले आहे.

आंब्याचा विमा भरायची मुदत ३० नोव्हेंबरला संपली. माझा भरायचा राहिला. हप्त्याचे पैसे डब्यात तसेच आहेत. विम्याला शेतकरी ओळख क्रमांक लागतो, त्याला आधारचा ओटीपी, आणि आधारला नंबर मुलाचा, कारण आधार काढलं तेव्हा घरात फोन एकच होता. मुलगा नालासोपाऱ्याला. वाडीत रेंज नाही. पाखाडी चढून सड्यावर, म्हणजे वरच्या कातळपठारावर गेलं, तिथल्या एका ठरलेल्या कातळावर उभं राहिलं, की दोन कांड्या दिसतात. शेजारचा पोरगा तिथे बसून माझा फॉर्म भरायचा आणि मी मुलाला फोन लावायची. तो लोकलमध्ये लटकलेला. फोन लागेपर्यंत ओटीपी मेलेला. असं तीन संध्याकाळ. तिसऱ्या दिवशी अंधारात उतरताना सुक्या गवतावरून पाय घसरला, गुडघा नारळाएवढा सुजला.

तसाच पाय घेऊन एसटीने बाजारातल्या सेवा केंद्रात गेले. तिथे अंगठा उठेना. आंब्याचा चीक आणि काजूचं तेल लागून बोटांच्या रेषा केव्हाच गेल्यात. दुपारनंतर सर्व्हरच बसला. बाई, उद्या या, म्हणाले. त्यांची उद्या म्हणजे १ डिसेंबर.

गंमत अशी की हा विमा हवामानावरचा. महसूल मंडळातलं स्वयंचलित हवामान केंद्र पाऊस आणि तापमान मोजतं, आकडे वर पाठवतं. म्हणजे अवकाळी पावसाला रेंज आहे, साहेब. मला नाही.

गावात टॉवर नाही असंही नाही. दोन पावसाळ्यांपूर्वी उभा केला, नारळ फुटला, फोटो निघाले. वीजजोडणी अजून व्हायचीय. १५ ऑगस्ट २०२० ला लाल किल्ल्यावरून सांगितलं होतं, हजार दिवसांत सहा लाख गावांत ऑप्टिकल फायबर. हजार दिवस मे २०२३ मध्ये भरले. लगेच त्याच ऑगस्टमध्ये गावोगावी इंटरनेट नेणाऱ्या भारतनेट योजनेसाठी १,३९,५७९ कोटी पुन्हा मंजूर! कातळावर बसून मी भागाकार केला, दुसरं करणार काय. गावामागे तेवीस लाख पडतात. माझा हिशेब कच्चा असेल, पण आमच्या वाट्याचे तेवीस लाख कुठल्या सड्यावर रेंज शोधतायत तेवढं कळवा. देशात येणाऱ्या समुद्राखालच्या कितीतरी केबली याच अरबी समुद्रातून मुंबईला उतरतात म्हणे. आम्ही किनाऱ्यावर बसून लाटा मोजतो.

आणि हे एकट्या विम्याचं नाही. रेशनची ई-केवायसी, लाडक्या बहिणीची ई-केवायसी, पीक पाहणी, सगळं तुम्ही लोकांनी फोनात कोंबलंत. पूर्वी तलाठी तरी भेटायचा. रागावला तरी चहा पाजून काम व्हायचं. ॲपला चहा कसा पाजायचा? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या साधारण तीनातल्या एकाच बाईने कधीतरी इंटरनेट वापरलेलं निघालं, आणि त्यात पन्नाशीपुढच्या आम्हाला मोजलेलंच नाही. मग ही लाडकी बहीण ओटीपी कोणाच्या फोनवर बघणार? भावाच्याच ना? लॉकडाऊनमध्ये याच सड्यावर पोरं छत्र्या धरून शाळा शिकली. ती आता विरार-नालासोपाऱ्यात आहेत. गणपतीला येतात, कुलपं काढतात, चौथ्या दिवशी रेंज नाही म्हणून वैतागतात. वाड्या ओस पडल्यावर तुम्ही पर्यटन महोत्सव भरवता.

थोडक्यात लिहायचं राहूनच गेलं. मागणी एवढीच: ज्या गावात रेंज नाही तिथे मुदतीत कागदी अर्ज भरू द्या, तालुक्याला एक खिडकी आणि एक माणूस ठेवा. आणि टॉवरला वीज जोडा. त्यावर गुळवेल वरपर्यंत चढलीय, पण ती काढायला कंत्राट काढू नका. कोयता माझ्याकडे आहे.

आपली,
एक बागायतदार