हवालदार काका, गाडी आता तापल्यावरही सुरू होते

हवालदार काका,
सादर नमस्कार.

हे पत्र तुमच्या हातात दिलं असतं तर तुम्ही न वाचता काकूंकडे सरकवलं असतंत आणि मला विचारलं असतंत, "गिअरचं तेल बघितलंस का?" म्हणून चारचौघांत लिहितो आहे. आता काकूच तुम्हाला वाचून दाखवतील आणि तुम्हाला मधेच उठून जाता येणार नाही.

दोन वर्षांपूर्वीचा मे महिना. बडवाहकडून इंदूरला येताना भेरूघाट निम्मा चढून माझी निसान वन-टन, म्हणजे माझा जुना छोटा ट्रक, बंद पडली. मागे ट्रकांची रांग, हॉर्नचा गोंगाट, आणि मी बॉनेट उघडून इंजिनकडे नुसता बघत उभा. तुम्ही ओंकारेश्वरहून स्कूटरवर परतत होतात. स्कूटर कडेला लावलीत आणि आधी माझ्याकडे नाही, गाडीच्या मागे जाऊन खाली वाकून पाहिलंत. डिफरेन्शियलचा, म्हणजे मागच्या दोन चाकांच्या मधल्या गिअरपेटीचा, गोळा पांढरा होता. "लष्करातली आहे," एवढंच म्हणालात. रात्री दिवे न लावता ताफा चालतो तेव्हा मागचा ड्रायव्हर त्या पांढऱ्या गोळ्यावर पडलेला बारकासा उजेड धरून गाडी हाकतो, हे तुम्ही मला नंतर सांगितलंत. तोवर मी तो रंग कुणीतरी हौसेने मारला असेल असं समजत होतो.

मग तुम्ही डिकीतून ओला पंचा काढलात, इंजिनाला पेट्रोल पुरवणाऱ्या पंपाला गुंडाळलात आणि कॅनमधलं नर्मदेचं पाणी त्यावर हळूहळू ओतलंत. घरी देवापुढे ठेवायला नेत होतात ते पाणी. मी नको नको म्हणत होतो. तुम्ही म्हणालात, "पोरा, तिला ताप आलाय. माई रागवायची नाही." दहा मिनिटांनी गाडी सुरू झाली.

त्याआधी दीड वर्ष मी या एकाच दुखण्यावर पैसे ओतत होतो. कार्बोरेटर दोनदा उघडून झाला, कॉइल बदलली, कंडेन्सर बदलला, पंपही नवा टाकला. शहरातल्या एका वर्कशॉपने गाडी २२ दिवस ठेवून घेतली आणि 'एकदम ओके' म्हणून परत दिली. अंगणात थंड असताना ती ओकेच असायची. उन्हात चढावर तासभर चालली की मान टाकायची आणि अर्ध्या तासाने, कुणी हात न लावता, पुन्हा सुरू व्हायची. थांबून गार झाली की बरी होते, एवढ्या एका गोष्टीत सगळं उत्तर होतं, आणि ती गोष्ट मला कुणी विचारलीच नव्हती. तुम्ही पहिला प्रश्न तोच विचारलात.

राऊच्या शेतावर पुढच्या रविवारी तुम्ही आलात तेव्हा दोन तास पाना हातात घेतला नाहीत. नळीवरून बोट फिरवत टाकीपासून पंपापर्यंत आणि पंपापासून कार्बोरेटरपर्यंत गेलात. एका जागी बोट थांबलं. कुणीतरी नळी जवळच्या वाटेने, एक्झॉस्टला, म्हणजे धुराच्या तापलेल्या पाइपला, जवळजवळ चिकटवून नेली होती. पेट्रोल नळीतच उकळायचं, आणि पंप द्रव ढकलायला केलेला, वाफेपुढे तो काय करणार! आपण नळी लांबून फिरवली, पंप आणि एक्झॉस्टच्या मधे पत्रा लावला. पंपाचा डायाफ्राम आणि सगळ्या रबरी नळ्याही तुम्ही बदलायला लावल्यात, कारण आजच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं आणि जुन्या काळचं रबर त्याने फुगतं, मऊ पडतं. सगळा खर्च वर्कशॉपच्या एका बिलापेक्षा कमी आला.

काका, तुम्ही गाडी दुरुस्त करून निघून गेला असतात तरी मी जन्मभर नाव घेतलं असतं. पण तुम्ही मला शिकवलंत. त्याचे आभार वेगळे मानायचे आहेत.

टॅपेट लावायचा, म्हणजे व्हॉल्व्हवरची बारीक फट मापात बसवायचा, तो दिवस मला मिनिटामिनिटाने आठवतो. सहा सिलिंडर, बारा व्हॉल्व्ह, आणि कुठला कधी पूर्ण मिटलेला असतो ते मला कळेना. तुम्ही खडूने मडगार्डवर फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटण्याचा क्रम, लिहिलीत: १-५-३-६-२-४. त्याखाली जोड्या मांडल्यात, १ आणि ६, ५ आणि २, ३ आणि ४. "बेरीज कर." प्रत्येक जोडीची बेरीज सात! सहा नंबरचे दोन्ही व्हॉल्व्ह डुलू लागले, म्हणजे एक मिटतोय आणि दुसरा उघडतोय, की एक नंबरचे दोन्ही मिटलेले. मग एकचे लावायचे. फट मोजायच्या फीलर गेजची पाती आत घालून तुम्ही माझं बोट त्यावर ठेवलंत. "लोण्यातून सुरी जाते तशी नको. वहीच्या पानांतून ओढल्यासारखी जायला पाहिजे." मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधीचे दिवस होते, पातीवरचा आकडा तुम्हाला दिसत नव्हता. मी चुकीची पाती दिली तेव्हा तुम्ही ती नुसती चिमटीत धरून परत केलीत.

आणि रंग. गाडी माझ्याकडे आली तेव्हा तिच्यावर जुना ऑलिव्ह ग्रीन तसाच होता. मला तो ठेवायचा होता, खरं सांगायचं तर त्या रंगासाठीच मी ती घेतली होती. तुम्ही ठाम नाही म्हणालात. मोटार वाहन नियमांप्रमाणे तो रंग संरक्षण खात्याच्याच गाड्यांचा, आणि 'ज्याने वर्दी घातली नाही त्याने तो अंगावर घेऊ नये,' हे तुमचं म्हणणं. मी दोन दिवस नाराज होतो. तिसऱ्या दिवशी आपण दोघं पॉलिश पेपर घेऊन बसलो. बंपरवरचा तिसरा थर निघाला आणि खालून वर टोक केलेला बाण दिसला, पुढे ७८. तुम्ही घासायचे थांबलात. बाणानंतरचे आकडे म्हणजे गाडी फौजेत आली ते साल, असं सांगितलंत, आणि अंगठ्याने ती जागा पुसत राहिलात. "मी त्याच्या दुसऱ्या वर्षी भरती झालो," म्हणालात. त्या दिवशी आणखी काम झालं नाही. काकूंनी थालीपीठं पाठवली होती, ती आपण टेलबोर्डवर बसून खाल्ली.

आता ती मातकट रंगाची आहे आणि मला तशीच आवडते.

जबलपूरच्या कारखान्यातून या गाड्या निघायच्या थांबून बरीच वर्षं झाली. सुटे भाग शोधावे लागतात. जोंगा या लष्करी जीपचं आणि हिचं इंजिन एकच, ३९५६ सीसीचं, म्हणून निदान इंजिनाचं सामान मिळतं, हेही तुम्हीच सांगितलंत. नाहीतर मी कधीच हात टेकले असते.

पैसे तुम्ही घेतले नाहीत. एकदा पाकीट ठेवलं तर ते टूलबॉक्समध्ये दहा-अकराच्या पान्याखाली परत सापडलं. तेव्हा निदान हे शब्द तरी ठेवून घ्या. मनापासून आभार, काका.

एक बातमी. गेल्या रविवारी मागच्या डाव्या चाकाच्या ब्रेक सिलिंडरचे रबर बदलले आणि ब्रेकमधली हवा काढली. पेडलवर माझी लेक होती. गाडीखालून मी "दाब... धर... सोड" म्हणत होतो आणि ती प्रत्येक वेळी "धरलंय!" असं खणखणीत उत्तर देत होती, तुम्ही मला द्यायला लावायचात तसं. बाटलीतले बुडबुडे संपेपर्यंत 'सोड' ऐकल्याशिवाय तिने एकदाही पाय उचलला नाही. मग मडगार्डवरचा खडू बघून तिने विचारलं, तीनचे टॅपेट लावताना चारकडे का बघायचं? मी सांगू लागलो, तर म्हणाली, आजोबांकडून ऐकीन.

येत्या शनिवारी सकाळी तिला घेऊन महूला येतो. गाडी घेऊनच.

तुमचा,
राऊच्या शेतावरचा शिकाऊ