भंगार वाढवा म्हणणं सोपं आहे हो

मा. संपादक साहेब, नमस्कार.

ग्रीन स्टीलवर, म्हणजे कमी कार्बन सोडून बनवलेल्या पोलादावर, आजकाल कुठेही वाचा, सल्ला एकच, भंगार जास्त वापरा. सल्ला बरोबरच आहे पण भट्टी कोणती ते कोणी सांगतच नाही. जालन्याच्या इंडक्शन भट्ट्या विजेवर चालतात, तिथे भरपूर भंगार चालतं. भिलाई-राउरकेलाच्या मोठ्या कारखान्यांत स्टील कन्व्हर्टर नावाच्या मोठ्या भांड्यात बनतं आणि कन्व्हर्टरला खालून जाळ वगैरे काही नसतो. आधी भंगार टाकायचं, त्यावर ब्लास्ट फर्नेसचं हॉट मेटल, म्हणजे वितळलेलं लोखंड, ओतायचं, वरून लान्सने, म्हणजे लांब नळीने, ऑक्सिजन मारायचा, मग आतलं कार्बन-सिलिकॉन जळून १३०० डिग्रीचा माल पंधरा-वीस मिनिटांत १६५० च्या आसपास जातो. या जळण्यातून जी उष्णता उरते तेवढ्यावरच भंगार वितळणार, म्हणजे साधारण पाव हिस्सा. जास्त टाकलं की हीट, म्हणजे ती खेप, थंड, मग बसा परत ऑक्सिजनचा ब्लो मारत आणि चांगलं लोखंड जाळत.

म्हणून माझं म्हणणं, भंगार किती यापेक्षा कसलं ते बघा. माझी सगळी नोकरी कन्व्हर्टर शॉपमध्ये गेली. दाबलेल्या भंगाराचा गठ्ठा वरून एकदम चकाचक पत्र्याचा आणि आत वायरिंग, मोटरची कॉईल, काय वाट्टेल ते. ऑक्सिजनने लोखंड जळतं पण तांबं नाही जळत, ते स्टीलमध्येच राहतं, रोलिंगला, म्हणजे माल लाटताना, तडे जातात, आणि तोच माल उद्या भंगारात परत आला की तांबं अजून वाढलेलं. पावसाळ्यात तर गठ्ठ्यात पाणी, त्यावर हॉट मेटल पडलं तर स्फोटच, म्हणून भंगार टाकून कन्व्हर्टर जरा झुलवायचो, ओल उडू द्यायचो, वरच्या साहेबांना वाटायचं टाइमपास चाललाय.

गंमत म्हणजे गल्लीतला भंगारवाला तांबं सोडत नाही, भावच तसा आहे. भानगड होते ती गठ्ठे दाबणाऱ्या मोठ्या प्रेसवर, वायरिंगसकट सगळं दाबलं की कोण बघतंय. २०१९ ला केंद्राचं स्टील स्क्रॅप धोरण आलं, एप्रिल २०२३ पासून १५ वर्षांवरच्या सरकारी गाड्याही मोडीत निघतायत, मग प्रेसमध्ये घालायच्या आधी वायरिंग आणि मोटर काढलीच पाहिजे अशी सक्ती करा, आणि कारखान्यांनी पण गठ्ठा फोडून तपासून भाव ठरवावा, नुसत्या वजनकाट्यावर नको.

एक निवृत्त कर्मचारी, नागपूर