आत्या आणि आत्याबाई

चि. मनूस अनेक आशीर्वाद.

तुझी आजी आपल्या सासूला ‘आत्याबाई’ आणि सासऱ्यांना ‘मामंजी’ का म्हणत असे, दोन्ही घरांत आधीचे काहीच नाते नसताना ही संबोधने आली कुठून, असे तू विचारलेस. फोनवर याचे उत्तर अर्धवटच झाले असते, म्हणून सविस्तर लिहितो आहे.

आत्या म्हणजे वडिलांची बहीण, हे तुला सांगायला नको. पण या शब्दाचे कूळ मावशीच्या कुळाइतके सरळ नाही. ‘मावशी’ हा शब्द ‘मातृष्वसा’ या संस्कृत शब्दावरून प्राकृतातील ‘माउसिआ’मार्गे मराठीत आला. त्याच न्यायाने वडिलांच्या बहिणीसाठी ‘पितृष्वसा’वरून एखादे रूप रूढ व्हायला हवे होते, आणि बंगालीत ‘पिशी’ या रूपाने ते झालेही. मराठीने मात्र ती वाट सोडून दक्षिणेकडील शेजारणींशी जुळणारा शब्द जवळ केला. कन्नडमध्ये ‘अत्ते’, तेलुगूत ‘अत्त’, तमिळमध्ये ‘अत्तै’. आणि या तिन्ही भाषांत हा शब्द वडिलांची बहीण, मामाची बायको आणि सासू या तिघींनाही लागू पडतो. मुलीला आत्याच्या घरी देण्याची जिथे पिढ्यान्‌पिढ्या रीत होती, तिथे आत्या आणि सासू या दोन निराळ्या बायका नसतच, मग दोन शब्द हवेत कशाला?

हे सारे मराठीने अलीकडे उचललेले आहे, असेही समजू नकोस. सातवाहन राजा हाल याच्या नावावर असलेल्या, माहाराष्ट्री प्राकृतातील गाथासप्तशतीत घरातील सून वाटसरूला कोण कुठे झोपते ते सांगते, तेव्हा सासूसाठी ‘अत्ता’ हाच शब्द वापरते. (तिने ते का सांगितले, हे बापाने मुलीला लिहायच्या पत्रात बसत नाही, तू स्वतः वाच.) पुढे बाराव्या शतकात आचार्य हेमचंद्रांनी संस्कृतावरून साधता न येणाऱ्या शब्दांचा ‘देशीनाममाला’ हा कोश रचला, त्यात ‘अत्ता’चे अर्थ आई, आत्या, सासू आणि सखी असे दिले आहेत. तुझ्या आजीच्या ‘आत्याबाई’चा इतका जुना पुरावा असेल, असे मलाही वाटले नव्हते.

आता आपल्याकडची रीत पाहू. इरावती कर्वे यांनी 1953 साली प्रसिद्ध झालेल्या भारतातील नातेसंबंधांवरील ग्रंथात महाराष्ट्र हा उत्तरेकडील आणि दक्षिणेकडील पद्धती एकत्र येण्याचा प्रदेश असल्याचे दाखवले आहे. उत्तरेत मामे-आते भावंडांचे लग्न निषिद्ध, दक्षिणेत ते इष्ट. आपल्याकडे अनेक जातींत मुलाने मामाची मुलगी करणे चालते, किंबहुना ती हक्काची मानली जाते, पण आत्याची मुलगी करणे बहुधा टाळतात. असे लग्न मुलीच्या बाजूने पाहिलेस की कोडे सुटते. तिची सासू ही तिची आत्या, आणि सासरा हा आत्याचा नवरा, ज्याला आजही पुष्कळ गावांत ‘मामा’च म्हणतात, म्हणून आत्याबाई आणि मामंजी. जावयाच्या बाजूने पाहिले तर त्याचा सासरा खराखुराच मामा असतो. पुढे ही संबोधने इतकी रुळली की ज्या घरांत असे लग्न कधी झाले नाही, तिथल्या सुनाही आदराने तीच वापरू लागल्या. आजीचे तसेच झाले.

या रीतीवर जुन्या काळापासून वाद आहे. बौधायन धर्मसूत्रात दक्षिणेकडील निराळ्या आचारांची जी यादी आहे, तिच्यात मामाच्या व आत्याच्या मुलीशी विवाह करणे हाही एक आचार सांगितला आहे. महाभारतात मात्र कुंती ही वसुदेवाची बहीण आणि सुभद्रा ही त्याची मुलगी, म्हणजे अर्जुनाशी लग्न झाल्यावर सुभद्रेची आत्याच तिची सासू झाली, आणि त्यात कोणाला वावगे वाटल्याचे दिसत नाही. 1955 च्या हिंदू विवाह कायद्याने भावाबहिणीच्या मुलांचा आपसांतील विवाह निषिद्ध ठरवला, पण दोन्ही पक्षांच्या रूढीत तो मान्य असेल तर मुभा ठेवली. माझे मत विचारशील तर इतक्या जवळच्या नात्यात लग्न नको. संबोधन मात्र मला आवडते, आणि हल्ली सगळ्याच सुना सासू-सासऱ्यांना आई-बाबा म्हणतात, त्यात नाते कळत नाही, अशी माझी जुनाट तक्रार आहे.

‘आत्याबाईला मिशा असत्या तर तिला काका म्हटले असते’ ही म्हण आपण फुकटच्या जर-तरच्या गप्पांना टोला म्हणून वापरतो, पण तिची निवड मोठी अचूक आहे. तिथे मामा चालला नसता, कारण आत्या ही काकाच्याच रांगेतली, बापाच्या घरची. म्हणूनच बारशाला पाळण्यातील बाळाच्या कानात नाव सांगण्याचा मान तिचा असतो.

दादाच्या मुलीच्या बारशाला तो मान तुझ्याकडे आहे. नाव ठरले की तुला आधी कळवू. कानात ‘कुर्रर्र’ करताना पाठीत जे धपाटे बसतील तेही तुझेच. आत्याचा आहेर म्हणून साडी कोणत्या रंगाची हवी, ते वहिनीला या आठवड्यातच सांगून टाक.

तुझे बाबा