डेट्रॉइटच्या बाईंना

प्रिय बाई,

आमच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवणाऱ्या स्त्रीला बाई म्हणतात. तोंडावर मी तुम्हाला मॅम म्हणत आले, मनात मात्र पहिल्या भेटीपासून बाईच. हे पत्र तुमच्या ओट्यावर बसून मी इंग्रजीत वाचून दाखवीनच. पण तुम्ही माझ्यासाठी काय केलंत, ते माझ्या माणसांनाही कळायला हवं.

साताऱ्याहून संशोधनासाठी अमेरिकेत, मिशिगन राज्यातल्या डेट्रॉइटला आले तेव्हा माझ्याकडे एक प्रश्नावली होती. कृष्णवर्णीय मुलं वाचनात मागे का पडतात, घरी अभ्यास कोण घेतं, असं पालकांना विचारलेलं. तीन आठवड्यांत दोन फॉर्म परत आले. तुम्ही चष्मा लावून ती सावकाश वाचलीत, घडी घातलीत आणि म्हणालात, "चल, गाडी काढ."

तुम्ही मला बर्वुडच्या भिंतीपाशी नेलंत. सहा फूट उंच, जवळपास अर्धा मैल लांब. शेजारी काळ्यांची वस्ती, म्हणून गोऱ्यांसाठी बांधायच्या घरांना सरकारी हमीचं कर्ज मिळेना. तेव्हा १९४१ साली बिल्डरने मध्ये ही भिंत घातली. आता तिच्यावर रंगीत चित्रं आहेत. तुम्ही भिंतीवर हात ठेवून उभ्या राहिलात आणि १९७४ बद्दल बोलू लागलात. तुम्ही नुकत्याच नोकरीला लागला होतात. मिलिकन विरुद्ध ब्रॅडली खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी निकाल दिला, आणि काळी-गोरी मुलं एकत्र शिकवण्याच्या योजनेतून ५३ उपनगरी शाळा-जिल्हे, म्हणजे शाळा चालवणारे स्थानिक विभाग, सुटले. हा निकाल मी वाचला होता. तो ऐकून वर्गात परतलेली शिक्षिका मात्र पहिल्यांदा पाहिली.

त्या दिवसापासून मी शाळांच्या इमारतींचे हिशेब तपासू लागले. मिशिगनने १९९४ मध्ये शाळांच्या रोजच्या खर्चाचा बराचसा भार घरपट्टीवरून राज्याच्या विक्रीकरावर नेला. बांधकाम-दुरुस्ती मात्र स्थानिक घरपट्टीवरच राहिली. जिथे घरांना किंमत नाही, तिथे छप्पर गळतच राहणार. २०१८ मध्ये शहरातल्या सरकारी शाळांचे पिण्याच्या पाण्याचे नळ बंद झाले, काही शाळांच्या पाण्यात शिसं आणि तांबं जास्त निघालं म्हणून. आणि मी कारण शोधत होते मुलांच्या घरात. याची मला आजही लाज वाटते.

मग तुम्ही चर्चच्या तळघरात अकरा आया जमवल्यात. "ही लांबून आली आहे, पण ऐकून घेते," एवढीच माझी ओळख करून दिलीत. त्यावर त्या चार तास बोलल्या. माझ्या व्हिसाचे कागद अडकले त्या महिन्यात दर रविवारी डबा पाठवलात, तेही विसरले नाही.

एकदा तुम्ही विचारलंत, तुझा या सगळ्याशी काय संबंध? मी जोतीराव फुल्यांबद्दल सांगितलं. त्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या सज्जनांना अर्पण केली, गुलामांच्या मुक्तीसाठी ते झटले म्हणून. आपल्या देशबांधवांनीही शूद्रांच्या सुटकेसाठी तोच कित्ता गिरवावा म्हणून. तुम्ही बराच वेळ गप्प होतात. मग म्हणालात, "आणि जे स्वतः पळून जाऊन सुटले, त्यांना काय अर्पण केलं?"

प्रबंधाची अर्पणपत्रिका लिहायला बसले तेव्हा तोच प्रश्न समोर होता. मी अकराही आयांना विचारलं. नऊ जणींनी नाव छापायला होकार दिला, दोघींसाठी कोऱ्या ओळी सोडल्या आहेत. तुम्ही मात्र स्वतःचं नाव घालू दिलं नाहीत, म्हणून हे पत्र.

तुमची,
साताऱ्याची विद्यार्थिनी