मावशी, तुमच्या चार वह्यांसाठी

प्रिय मावशी,
सा. न.

विचारलं असतं तर तुम्ही ‘कशाला गं’ म्हणाला असता, म्हणून न विचारताच लिहिते आहे. आणि चारचौघांना वाचता येईल असं लिहिते आहे, कारण तुम्ही आमच्यासाठी काय केलंत ते घरात ठेवण्यासारखं नाही.

अँटवर्पला आले तेव्हा माझं गाणं पुण्यातच सुटलं होतं. इथे रेकॉर्डर, म्हणजे चोचीची लाकडी बासरी, शिकायला लागले आणि आम्हा चौघींच्या हौशी गटात टेनॉरची, म्हणजे मधल्या सुराच्या बासरीची, जागा मिळाली. वाजवायला घेतले ते तिलमान सुसाटोचे नाच. सुसाटोचा कारभार याच शहरातला, सोळाव्या शतकातला. आधी कॅथीड्रलसाठी सुबक अक्षरात संगीत उतरवून देणारा, मग शहराच्या नोकरीतला वादक, आणि १५४३ पासून स्वतःचा छापखाना. १५५१ साली त्याने नाचांचा संग्रह छापला. त्यात पावान, गॅलियार्ड, रोंद, ब्रान्ल असे नाच आहेत, आणि कुठल्याही वाद्यावर वाजवायला सोयीचे असं त्याने मुखपृष्ठावरच सांगून टाकलं आहे.

आमच्याकडची प्रत आजच्या पद्धतीची होती. चारही आवाज एकाखाली एक, आणि ठरावीक मात्रांनंतर उभी रेघ. रेघ आली की चौघीही तिथे जोर द्यायचो. तीन महिने वाजवत होतो, पण नाच काही उभा राहत नव्हता. त्या संध्याकाळी तुम्ही कोपऱ्यात बसून ऐकलंत, काहीच बोलला नाहीत, आणि जाताना ती प्रत मागून घेतलीत. पुढच्या आठवड्यात चार वह्या घेऊन आलात.

टेनॉरची वही आत्ता समोर उघडी आहे. काळी शाई, शंकरपाळ्याच्या आकाराचे स्वर, आणि उभी रेघ एकही नाही. पाच आडव्या रेघासुद्धा तुम्ही जागोजागी केसभर तुटक काढल्या आहेत. ते का, हे तुम्ही छापखान्यातले खिळे जुळवण्याच्या गोष्टीवरून समजावलंत. पेत्रुच्ची नावाच्या मुद्रकाने १५०१ मध्ये व्हेनिसला संगीताची छपाई सुरू केली तेव्हा रेघा आधी आणि स्वर नंतर, असा तोच कागद पुन्हा पुन्हा छापावा लागे. पुढे पॅरिसला आतेन्याँ या मुद्रकाने स्वर आणि त्याच्यामागचा रेघांचा तुकडा एकाच खिळ्यात आणला. छपाई स्वस्त झाली, पण सांधे दिसू लागले. सुसाटोनेही तीच रीत उचलली. हे सगळं हाताने उतरवताना ते सांधेही ठेवावेत असं तुम्हाला वाटलं, याचं मला अजून नवल वाटतं.

सुसाटोची गिऱ्हाइकंही अशीच चार सुटी पुस्तकं घेत: सुपेरिउस, कॉन्ट्राटेनॉर, टेनॉर, बासुस. आपल्या पुस्तकात फक्त आपला आवाज. दुसरी काय वाजवते आहे ते डोळ्यांना दिसतच नाही. पहिल्या दिवशी मी आठव्या स्वरालाच हरवले. तुम्ही म्हणालात, ‘सम शोधत बसू नकोस, शेजारणीचा श्वास ऐक.’ मग भातखंड्यांच्या पुस्तकातल्या बंदिशीची आठवण करून दिलीत. तिथे स्थायी-अंतरा छापलेला असतो, बाकीचं गुरूसमोर बसून घ्यायचं. इथेही ढोल छापलेला नाही, कुठली वाद्यं हवीत तेही नाही. मला जे परकं वाटत होतं, ते त्या एका वाक्याने माझ्या घरचं झालं.

आणि तो पावसाळी रविवार! सोफा भिंतीला लावून तुम्ही आम्हाला नाचायला लावलंत. समोर आर्बोचं नाच शिकवणारं पुस्तक होतं. १५८९ चं, फ्रान्समधल्या लाँग्र गावच्या झां ताबुरो नावाच्या सत्तरीला टेकलेल्या धर्मगुरूचं. आर्बो हे नाव त्याने आपल्याच नावातली अक्षरं फिरवून घेतलेलं. त्यात सूर वरून खाली उभा छापला आहे आणि प्रत्येक स्वरासमोर पाऊल. सुसाटोनंतर अडतीस वर्षांचं पुस्तक, तेही दुसऱ्या देशातलं, म्हणून ते शब्दशः लावू नका हे तुम्ही आधीच बजावलंत. गॅलियार्डच्या सहा मात्रांत चार पावलं, पाचवीला उडी, सहावीला जमिनीवर. उंच माणसाला जरा संथ वाजवा, असं आर्बो म्हणतो, कारण त्याच्या अंगाला फिरायला वेळ लागतो. आमची बासुसवाली चांगली उंच. ती पाचव्या मात्रेला हवेत गेली, आणि ती खाली येईपर्यंत सहावी मात्रा वाजवताच येत नाही हे आम्हाला पायांनी कळलं. त्या दिवसापासून मेट्रोनोम, म्हणजे टकटक करून लय दाखवणारं यंत्र, कपाटात आहे.

गेल्या शनिवारी आम्ही लोकांसमोर वाजवलं. तुमच्या गुडघ्यामुळे तुम्हाला येता आलं नाही, म्हणून सांगते. दुसऱ्या रोंदच्या वेळी मागच्या रांगेतल्या दोन आज्या उठून हात धरून फिरायला लागल्या. मला वहीतलं काही दिसेना, डोळे भरून आले होते. पण चुकले नाही. शेजारणीचा श्वास ऐकू येत होता.

मावशी, मनापासून आभार. त्या वह्यांसाठी, त्या रविवारसाठी, आणि माझं गाणं मला परत दिलंत त्यासाठी.

टेनॉरच्या वहीत शेवटची सहा पानं कोरी होती. तिथे एक पावान मी स्वतः उतरवायला घेतली आहे, बोरूसारखं टोक असलेलं पेन आणून. माझे शंकरपाळे अजून वाकडे येतात. बुधवारी वही घेऊन येते, तपासून द्याल?

तुमची,
टेनॉरवाली