आधी दोरी, मग रीळ

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. शेवटी फिनेसचा, म्हणजे बारीक दोरी आणि हलक्या आमिषाने मासे धरायचा रॉड घेतलासच, वाचून फार आनंद झाला. ६ फूट १० इंच लांबी, मीडियम-लाइट पॉवर (ताकद बेताची), एक्स्ट्रा फास्ट ॲक्शन (फक्त टोकाशी वाकणारा), दोरी ४ ते १० पाउंड ताकदीची. बास माशासाठी निवड उत्तम आहे. आता यावर रीळ कोणतं लावू, असं विचारलंयस. माझं म्हणणं असं की आधी दोरी ठरव, रीळ नंतर. दोन-चार ग्रॅमचं आमिष टाकायचं, ते आपसूक बुडू द्यायचं आणि बासने नुसतं तोंडात घेऊन थुंकायच्या आत ते ओळखायचं, हा सगळा खेळ दोरीवर चालतो. तिला नीट सांभाळणारं रीळ शोधायचं, एवढंच मग उरतं.

नायलॉन मऊ असतं, गाठही चांगली धरतं. पण ते ताणलं जातं आणि पाणी पिऊन आणखी सैल होतं. खोल पाण्यातली हलकी टोच त्या ताणातच जिरून जाते. फ्लोरोकार्बनची घनता १.७८ च्या आसपास, त्यामुळे ते बुडतं. त्याचा अपवर्तनांक १.४२ म्हणजे पाण्याच्या १.३३ ला बराच जवळ, म्हणून ते पाण्यात कमी दिसतं. दगडावर घासलं तरी तग धरतं. मात्र स्वभावाने ताठ, जाड घेतलंस तर स्पूलवरून, म्हणजे रिळाच्या दोरी गुंडाळायच्या चकरीवरून, स्प्रिंगसारखं उसळतं. पीईची (पॉलिएथिलीनची) ब्रेड, म्हणजे वेणीसारखी विणलेली दोरी, ताणलीच जात नाही, वळ्या धरत नाही आणि ताकदीच्या मानाने फार बारीक असते. पण ती पाण्यावर तरंगते, माशाला दिसते आणि दगडाच्या धारेवर पटकन तुटते.

म्हणून दोघींची जोडी जमवायची. रिळावर ब्रेड आणि पुढे फ्लोरोकार्बनचा लीडर, म्हणजे आमिषाकडचा तुकडा. ब्रेड घेताना पाउंडांच्या आकड्यापेक्षा जाडी बघ, कारण तो आकडा प्रत्येक कंपनी आपल्या हिशेबाने छापते. पीई ०.८, म्हणजे साधारण ०.१५ मिलिमीटर, तुझ्या रॉडला अगदी योग्य. लीडर ६ किंवा ८ पाउंडी, दोन ते तीन मीटर. रंग भडक घे, पिवळा किंवा हिरवा. आमिष बुडत असताना दोरी मधेच थबकली किंवा हळूच बाजूला सरकली तर ते हाताच्या आधी डोळ्याला कळतं. वारा फार असेल तर तरंगणाऱ्या ब्रेडला पोट येतं. तसल्या दिवसांसाठी नुसतं ५-६ पाउंडी फ्लोरोकार्बन भरलेला दुसरा स्पूल जवळ असला तर बरा.

दोघींना जोडायला एफजी गाठ शीक. सुरुवातीला वेळखाऊ वाटेल. डबल युनी लवकर बांधून होते, पण ती जाड असते आणि प्रत्येक फेकीला बारीक गाइडमध्ये, म्हणजे रॉडवरच्या कड्यांमध्ये, अडखळते. एफजीमध्ये ब्रेडचे वेढे ताणलेल्या लीडरवर एकदा या बाजूने, एकदा त्या बाजूने पडतात. मग गाठ ओली करून दोन्ही टोकं जोरात ओढायची. वेढे लीडरमध्ये रुतले की ब्रेडचा रंग गडद होतो. तो गडद झाला नसेल तर गाठ बसलेली नाही, सरळ कापून पुन्हा बांध. बसलेल्या गाठीवरून नख फिरवलंस तर जेमतेम उंचवटा लागतो.

आता रीळ. २५०० मापाचं स्पिनिंग रीळ घे. १००० चं दिसायला गोंडस असतं, पण त्याच्या छोट्या स्पूलवर वळ्या लहान पडतात आणि लीडर कुरळा होतो. ३००० सुद्धा चालेल, बॉडी हलकी असली तर. शिमानो कंपनीच्या सी३००० ला बॉडी २५०० चीच असते. दोरी बारीक असल्यामुळे उथळ स्पूल बघ, डायवा आणि शिमानो दोघेही मापापुढे ‘एस’ लिहितात. वजन साधारण २०० ग्रॅम ठीक, पण त्या आकड्यापेक्षा तोल महत्त्वाचा. रीळ बसवून रॉड रिळाच्या पायाच्या जरा पुढे एका बोटावर धर. टोक खाली झुकलं तर दिवसभर मनगट दुखणार. गिअर रेशो, म्हणजे हँडलच्या एका फेरीत दोरी गुंडाळणारा भाग किती वेळा फिरतो तो आकडा, ६ च्या आसपास मला आवडतो. आमिष आपण टोकाने हलवतो, रिळाने फक्त ढील गोळा करायची असते आणि मासा आपल्याच दिशेने धावला की ती झटपट गोळा व्हायला हवी. बेअरिंग किती, याच्या मागे लागू नकोस.

पैसे खर्च करायचेच तर ड्रॅगवर कर, म्हणजे मासा जोरात ओढू लागला की दोरी सोडणाऱ्या ब्रेकवर. खोक्यावर लिहिलेली ९-१० किलोची कमाल ताकद आपल्या कामाची नाही. ६ पाउंडी लीडर म्हणजे २.७ किलो. ड्रॅग त्याच्या चौथ्या ते तिसऱ्या हिश्शावर लावायचा, म्हणजे ७०० ते ९०० ग्रॅम. एवढ्या हलक्या दाबाला तो न अडखळता सुटला पाहिजे. घेण्याआधी ड्रॅग सैल करून दोरी बोटांनी अगदी सावकाश ओढून बघ. स्पूल आधी अडून मग झटक्यात सुटत असेल तर ते रीळ ठेवून दे. स्मॉलमाउथ जातीचा बास बोटीजवळ आला की एकदम खाली बुडी मारतो. ब्रेड ताणली जात नाही, लीडर बारीक, तेव्हा तो पहिला हिसका ड्रॅग आणि रॉडच्या टोकानेच झेलायचा असतो.

भरतानाही काळजी घे. खाली थोडं नायलॉन गुंडाळ, नाहीतर ब्रेड उघड्या स्पूलवर गरगर फिरते आणि ड्रॅग बिघडल्यासारखा वाटतो. ओल्या फडक्यात दोरी चिमटीत धरून ताणात भर आणि कडेपासून दोन-तीन मिलिमीटर जागा सोड. काठोकाठ भरलंस तर फेकताना एकदम पाच-सहा वळ्या सुटून गुंता होतो. फेक झाली की बेल, म्हणजे रिळावरची दोरी अडवणारी तारेची कडी, हाताने बंद कर, दोरी हलकेच ओढून ताठ कर आणि मगच हँडल फिरव. स्पूलवर सैल फास दिसला तर त्यावर आणखी दोरी गुंडाळू नकोस, फास निघेपर्यंत दोरी ओढून काढ.

मासा लागल्यावर जोरात झटका मारायचा नाही. हूक बारीक तारेचा असतो. ढील गोळा करून रॉड नुसता उचलला की तो रुततो.

तू जिथे जाणार आहेस तिथलं पाणी कसं आहे ते कळव. दगड आहेत की गवत, खोली किती, पाणी किती स्वच्छ. त्यावरून लीडर ६ चा की ८ चा ते सांगतो.

तुझा,
अविनाश